फोटोखालची ओळ कुणी लिहायची?

मध्यंतरी आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक जुना फोटो फिरत आला. संथ नदी, काठावर छत्र्याछत्र्यांचा राजवाडा आणि पाण्यात एक भली मोठी होडी. होडीचा आकार माशाचा. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘नवाबांच्या काळातलं वैभवशाली लखनौ’. गटातल्या बऱ्याच जणांनी हात जोडले, एका काकांनी ‘काय दिवस होते ते!’ असं लिहिलं.

मला तो फोटो माहीत होता. राजवाडा म्हणजे गोमतीकाठची छत्तर मंझिल. मासा हे अवधच्या राजघराण्याचं चिन्ह, म्हणून होडीला माशाचा आकार. इथवर सगळं बरोबर. पण काळ नवाबांचा नाही. वाजिद अली शाहला इंग्रजांनी फेब्रुवारी १८५६ मध्ये गादीवरून उतरवलं, तो कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेला आणि लखनौला परत आला नाही. हा फोटो १८५८ सालातला. शहर नुकतंच लढून हरलेलं, लुटलं गेलेलं. फोटो काढणारा फेलिचे बेआतो, आणि त्यानं फोटोला दिलेल्या शीर्षकात छत्तर मंझिल आणि राजाची होडी यांच्यापाठोपाठ येतं ते ‘सर कॉलिन कॅम्पबेलचा पहिला हल्ला, नोव्हेंबर १८५७’. हा कॅम्पबेल म्हणजे इंग्रज फौजेचा सेनापती.

म्हणजे एकाच फोटोखाली दोन ओळी. एक जिंकणाऱ्याची, दुसरी आपल्या हळहळीची. होडी रिकामी का आहे, राजवाड्यात कुणीच का दिसत नाही, हे या दोन्ही ओळी सांगत नाहीत. जुन्या फोटोंतून शहराचा इतिहास सांगायची सध्या लाट आली आहे. ती मला आवडते, पण तिच्यात एक मोठी चूक रुजते आहे असं मला वाटतं. फोटो आपणहून काही सांगत नाही, सांगते ती त्याच्याखालची ओळ. लखनौसारख्या शहरांच्या फोटोंखालच्या ओळी आधी परक्या फौजेनं लिहिल्या, आता फॉरवर्ड करणारे लिहितात. त्या नीट लिहिणं हे सार्वजनिक काम आहे आणि आपल्या संस्थांनी ते अंगावर घ्यायला हवं.

बेआतोविषयी थोडं सांगायला हवं. जन्म व्हेनिसचा, पण हिंदुस्थानात येण्याआधी तो क्रायमियाच्या युद्धाचे फोटो काढून आला होता. १८५८ च्या सुरुवातीला कलकत्त्यात उतरला आणि तिथून लखनौ, कानपूर, दिल्ली असा बंडाच्या वाटेनं फिरला. त्याच्या फोटोंना गिऱ्हाईक होतं: मोहिमेवरचे गोरे अधिकारी, आणि विलायतेत बातम्या वाचून पेटलेले लोक. त्यामुळे त्याचं लखनौ हे लढाईच्या नकाशावरचं लखनौ आहे. कुठून तोफ डागली, कुठली भिंत फुटली, वेढ्यात अडकलेल्या इंग्रजांनी रेसिडेन्सीत कसा तग धरला. चौकातली अत्तरं, चिकनकाम, मोहर्रमच्या मजलिसी यांत त्याला रस असण्याचं कारणच नव्हतं.

त्यात तेव्हाचं तंत्र संथ. काचेवर निगेटिव्ह घ्यायची, आणि उजेड चांगला असला तरी कॅमेऱ्याचं तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात जो हलला तो फोटोत उमटलाच नाही. भिंती उमटल्या, घुमट उमटले. रस्त्यानं चालत गेलेला माणूस पुसला गेला. ‘किती शांत होतं हो तेव्हाचं शहर’ असं जुने फोटो बघून आपण म्हणतो, तेव्हा हे लक्षात घ्यायला हवं. लखनौच्या त्या शांततेत काही भाग काचेचा आहे, आणि उरलेला भाग १८५८ साली खरोखरच गावाबाहेर पळालेल्या माणसांचा. दोन्ही रिकामेपणं फोटोत सारखीच दिसतात. नुसत्या डोळ्यांनी ती वेगळी करता येत नाहीत.

आता सिकंदरबाग. या एका फोटोपाशी मला थांबायचं आहे, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे.

सिकंदरबाग ही वाजिद अली शाहनं बांधलेली, उंच भिंतींनी वेढलेली बाग. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी कॅम्पबेलच्या फौजेनं तिच्या भिंतीला भगदाड पाडलं. ९३ वी हायलँडर्स आणि ४ थी पंजाब पलटण आत घुसली. आतल्या शिपायांना बाहेर पडायला वाट नव्हती. सुमारे दोन हजार माणसं त्या चार भिंतींत मारली गेली. बेआतोच्या फोटोत मधोमध खांबांची एक पडकी कोठी आहे, गिलावा गोळ्यांनी सोललेला. समोरच्या मोकळ्या जागेत माणसांची हाडं पसरलेली, कवट्या ओळखू येतात इतक्या स्पष्ट. मागे चार हिंदुस्थानी माणसं आणि एक घोडा. ती माणसं हललेली नाहीत, म्हणून उमटली आहेत. म्हणजे त्यांना उभं राहायला सांगितलेलं असणार.

मूळ शीर्षकात ‘दोन हजार बंडखोरांच्या कत्तलीनंतर’ असे शब्द आहेत आणि नोव्हेंबर १८५७ हा काळ. वाचणाऱ्याला वाटतं, लढाई संपली आणि कॅमेरा आत आला. पण बेआतो लखनौत पोचलाच मुळी मार्च १८५८ मध्ये. मधे चार महिने गेले होते. त्या वेळी लखनौत असलेले मुलकी अधिकारी सर जॉर्ज कॅम्पबेल यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की प्रेतांचा तो ढीग एव्हाना झाकून टाकलेला होता आणि फोटोवाल्यानं हट्टानं तो पुन्हा उघडा करायला लावला. दोनच वर्षांनी, १८६० साली, चीनमध्ये ताकूच्या किल्ल्यात बेआतोनं हेच केलं. फोटो होईपर्यंत मेलेल्यांना हलवू देत नव्हता, असं तिथल्या एका लष्करी डॉक्टरानं नोंदवलं आहे.

तेव्हा सिकंदरबागेचा हा फोटो खोटा आहे का? मुळीच नाही. माणसं खरंच मेली, त्याच बागेत मेली, हाडं त्यांचीच असणार. पण मांडणी फोटोवाल्याची आहे. हिंदुस्थानी मेलेले इथे अंगणात पसरून दाखवले आहेत. त्याच लढाईत पडलेल्या गोऱ्या सैनिकांना मात्र मूठमाती मिळाली, आणि त्यांच्यातल्या एकाचंही प्रेत बेआतोच्या फोटोंत दिसत नाही. कुणाचं मरण दाखवायचं आणि कुणाचं झाकायचं, हे आधीच ठरलेलं होतं. पाठ्यपुस्तकात किंवा प्रदर्शनात हा फोटो लावून खाली नुसतं ‘१८५७: सिकंदरबाग’ छापणं म्हणजे ती निवड न विचारता पुढे चालवणं आहे. मला ते गैर वाटतं.

त्याच बागेच्या दाराशी आज उदादेवींचा पुतळा आहे. बागेचं जुनं प्रवेशद्वार अजून उभं आहे आणि वरची माशांची नक्षी मान वर करून शोधली की सापडते. शेजारी राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचा परिसर, समोर अखंड वाहतूक. उदादेवी पासी समाजाच्या. त्या दिवशी बागेतल्या पिंपळावर चढून त्यांनी अनेक गोरे सैनिक टिपले आणि मग गोळी लागून पडल्या, अशी या समाजाची पिढ्यान् पिढ्यांची सांगी आहे. ९३ व्या पलटणीतल्या फोर्ब्स-मिचेल या सैनिकानंही लिहून ठेवलं आहे, की पिंपळावरून नेम धरणाऱ्याला पाडल्यावर ती बाई निघाली. बेआतोच्या फोटोत या बाईचा मागमूस नाही, असणं शक्यही नव्हतं. कॅमेऱ्यानं जे टिपलं नाही ते एका समाजानं बोलण्यातून दीडशे वर्षं जपलं. शहराचा इतिहास फोटोंतून सांगायला बसलेल्यानं ही सांगी बाजूला ठेवली, तर त्याच्या हाती फक्त बेआतोचं लखनौ उरेल.

बेआतोचं मोल मी कमी करत नाही. उलट त्याच्याइतका उपयोगी पुरावा या शहराला दुसरा नाही, आणि त्याचं कारण नंतर जे घडलं त्यात आहे. बड्या इमामबाड्याच्या उंचीवरून त्यानं एकाला एक जोडून शहराचा विस्तीर्ण देखावा टिपला. हा इमामबाडा आसफउद्दौलानं १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधायला काढला होता. या देखाव्यात घरांना घरं लागलेली दिसतात. गच्च्या, मशिदी, मधूनच झाडं. मग कर्नल रॉबर्ट नेपियरची योजना आली. दाट गल्लीबोळांचं शहर फौजेला ताब्यात ठेवता येत नाही, म्हणून त्यातून रुंद सरळ रस्ते काढायचे आणि मोक्याच्या जागांभोवती मैदान मोकळं करायचं. लखनौवर मोठं काम केलेल्या इतिहासकार वीणा तलवार ओल्डनबर्ग यांच्या मते या पाडापाडीत शहराचा सुमारे दोन पंचमांश भाग गेला. इमामबाड्यात फौजेनं दारूगोळा भरला.

आज आपण इमामबाड्याभोवतीची मोकळी हिरवळ बघतो आणि ‘नवाबांनी किती ऐसपैस बांधलं’ म्हणून तारीफ करतो. ते ऐसपैसपण बऱ्याच अंशी पाडलेल्या घरांचं आहे. बेआतोचा देखावा आणि आजचा फोटो शेजारी शेजारी ठेवला की हे शाळकरी मुलालाही कळतं. जुन्या फोटोंचा खरा उपयोग मला इथे दिसतो: फोटोत काय आहे ते बघायचं, आणि पुढच्या फोटोत त्यातलं काय नाही ते विचारायचं.

बेआतोच्या आधीही लखनौत कॅमेरा होता, आणि तो एका लखनौकराच्या हातात होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अहमद अली खान, लोक त्यांना छोटे मियाँ म्हणत. हुसेनाबाद इमामबाड्याचे दरोगा, म्हणजे तिथली व्यवस्था बघणारे. १८५० च्या दशकात त्यांनी लखनौतल्या गोऱ्या साहेबांचे, मडमांचे, मुलाबाळांचे फोटो काढले. घरगुती फोटो. खुर्चीत बसलेला नवरा, बाजूला हात टेकून उभी बायको. त्यांतली कितीतरी माणसं पुढे वेढ्यात मेली, आणि छोटे मियाँ उठावाच्या बाजूला गेले. त्यांच्या फोटोंचा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ज्यांच्याविरुद्ध आपण उद्या उभे राहणार आहोत त्यांना आज प्रेमानं प्रकाशात बसवणारा हा माणूस. बंडाची गोष्ट ‘ते’ आणि ‘आपण’ अशा दोन रकान्यांत मांडणाऱ्यांनी हा संग्रह जरूर बघावा.

मग १८७४ मध्ये दरोगा हाजी अब्बास अली. नगरपालिकेतले इंजिनिअर. त्यांनी लखनौच्या पन्नास देखाव्यांचा अल्बम शहराच्या मोठ्या नकाशासह छापला. मजकूर इंग्रजीत, आणि रचना बंडाच्या जागा बघायला येणाऱ्या साहेब प्रवाशाच्या सोयीची. हात लखनौचा, पण वाट बरीचशी बेआतोचीच. म्हणून ‘आपल्या माणसानं काढला की फोटो आपला’ इतकं सोपं हे गणित नाही. त्याच साली त्यांनी लखनौच्या तवायफांच्या फोटोंचंही पुस्तक काढलं. त्यातल्या बायका रेशमी कपड्यांत, दागिन्यांत, कॅमेऱ्याकडे सरळ बघत बसलेल्या आहेत. आज हेच चेहरे ‘नवाबी नजाकत’ म्हणून फिरतात. पण ओल्डनबर्ग यांना १८५८ ते १८७७ मधल्या नगरपालिकेच्या करवह्यांत या बायका सगळ्यांत वरच्या करगटात सापडल्या. स्वतःच्या नावावर घरं, बागा, दुकानं. बंडाला मदत केली म्हणून त्यांच्यातल्या कित्येकींची मालमत्ता जप्त झाली. करवही शेजारी ठेवली की तोच फोटो बदलतो. शोभेची बाहुली जाते आणि शहराची करदाती समोर बसलेली दिसते. ही करवहीतली नोंद फोटोखाली छापायला किती जागा लागेल? दोन ओळी.

कैसरबागेशी मराठी माणसाचं थेट नातं आहे. वाजिद अली शाहनं १८४८ ते १८५० दरम्यान उभारलेला हा राजवाडा बेआतोच्या फोटोंत लुटीनंतरचा दिसतो. बराचसा भाग पुढे पाडला गेला. उरलेल्यात ‘परीखाना’ म्हणून ओळखली जाणारी इमारत आहे, जिथे नवाबाच्या पदरी नाच-गाणं शिकवलं जाई. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये लखनौत सुरू केलेलं संगीत महाविद्यालय पुढे याच परीखान्यात आलं, आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते अनेक वर्षं चालवलं. आज ते भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. बेआतोच्या फोटोत मेलेला दिसणारा राजवाडा मुंबईच्या एका वकिलानं उभ्या केलेल्या संस्थेनं पुन्हा गाता केला. आपल्याकडे भातखंड्यांवर इतकं लिहिलं जातं, पण या दोन गोष्टी एकत्र ठेवलेल्या मी क्वचितच वाचल्या आहेत. फोटो आणि गाणं यांची कपाटं वेगळी, म्हणून हे घडतं.

यावर मला दोन हरकती नेहमी ऐकू येतात. पहिली अशी, की लोक प्रेमानं जुने फोटो बघतात, बघू द्या, इतका काथ्याकूट कशाला? मला ही हरकत मान्य नाही. चुकीच्या ओळीचं काय होतं ते आपल्या घरातच बघा. झाशीच्या राणीचा ‘एकमेव खरा फोटो’ म्हणून एक चित्र दर जयंतीला आपल्या मोबाइलवर येतं. हॉफमन नावाच्या छायाचित्रकारानं १८५० साली काढलेला, अशी ओळ त्याखाली असते. तो राणीचाच असल्याचा पुरावा कुणीही दिलेला नाही, तरी तो आता शाळांच्या भिंतींवर पोचला आहे. राणीवर प्रेम असेल तर तिच्या नावानं कुठलाही चेहरा पुढे ढकलणं थांबवलं पाहिजे. आणि आता तर जुन्या फोटोंना यंत्राकडून रंग भरून घेतात, धूसर चेहरे ‘साफ’ करून घेतात. यंत्र ठरवणार भिंत गुलाबी होती की पिवळी, डोळे कसे होते. पुढच्या पिढीला हाच पुरावा वाटेल. बेआतोनं हाडं मांडली, आपण रंग मांडतो आहोत.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. असले क्रूर फोटो दाखवूच नयेत, मेलेल्यांची पुन्हा विटंबना होते, असं काही जण कळकळीनं म्हणतात. मी त्यावर बराच विचार केला आहे. लहान मुलांसमोर, जाहिरातीत, किंवा लाइक मिळवायला हा फोटो वापरूच नये, याबाबत मी त्यांच्याबरोबर आहे. पण तो कपाटात बंद करायला माझा विरोध आहे. ती माणसं एकदा झाकली गेली, एकदा उघडी केली गेली, दोन्ही वेळा त्यांची पर्वा न करता. त्यांना पूर्ण माहितीसह दाखवणं हे विटंबनेच्या उलट टोकाचं काम आहे.

मग करायचं काय? बेआतोच्या लखनौच्या प्रती लंडनमध्ये आहेत, अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात आणि लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहेत, दिल्लीत अल्काझी संग्रहात आहेत. बऱ्याच आता इंटरनेटवर बघता येतात. आपल्या कायद्यात फोटोवरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या या प्रसिद्ध फोटोंवर कायद्यानं कुणाची मालकी उरलेली नाही. तेव्हा लखनौच्या महापालिकेनं आणि उत्तर प्रदेशच्या पुराभिलेखागारानं हे सगळे संच एका ठिकाणी, मोठ्या आकारात, फुकट उघडे करावेत. हिंदी आणि उर्दू ओळींसह. प्रत्येकाखाली चार गोष्टी असाव्यात: कुणी काढला, केव्हा, कुणासाठी, आणि ती जागा आज कुठे आहे. सोबत चौक आणि नक्खास या लखनौच्या जुन्या मोहल्ल्यांमधल्या घराघरांतले अल्बम, तिथल्या जुन्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह स्कॅन करून घ्याव्यात. लग्नातले, मोहर्रमचे, दुकानाच्या उद्घाटनाचे फोटो. बेआतोनं रस्त्यावरचा जो माणूस पुसला तो तिथेच सापडेल. दमट हवेत त्या निगेटिव्ह दर पावसाळ्यात थोड्या थोड्या मरतात, तेव्हा घाई इथे आहे.

हे काम आपल्यालाही लागू आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, कलकत्त्याच्याही आधीची, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्यातले जाणते छायाचित्रकार. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सर्वांत आधी मात्र सिकंदरबागेच्या दाराशी एक फलक हवा. फोटो लहान आकारात, ओळ मोठ्या अक्षरांत. मला लिहायला सांगितली तर मी अशी लिहीन:

‘सिकंदरबाग. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी या भिंतींच्या आत सुमारे दोन हजार हिंदुस्थानी शिपाई मारले गेले. पिंपळावरून लढलेली एक स्त्री त्यांच्यात होती; पासी समाज तिला उदादेवी म्हणतो. हा फोटो चार महिन्यांनंतरचा, १८५८ च्या वसंतातला आहे. काढणारा फेलिचे बेआतो. फोटोसाठी अस्थी पुन्हा उघड्या करण्यात आल्या होत्या. मागे उभ्या असलेल्या चार माणसांची नावं कुणी लिहून घेतली नाहीत.’